पाहणे आणि करणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत असे सांगायला कार्यवाहबाई माझ्या घरी आल्या, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी काही व्याख्याती नव्हे. मुलींच्या शाळेत पुष्कळ वर्षे शास्त्र शिकविले, एवढेच माझे भांडवल." त्यावर त्या म्हणाल्या, "मग शास्त्रावरच बोला. पण आम्हांला झोप येऊ देऊ नका." पहिली अट मी पाळणार आहे. दुसरीचा निकाल तुम्ही द्यावा.

मघाशी आपल्या मंडळातील मुलींनी झिम्मा आणि फुगडी सादर केली. त्या वेळी तुम्ही सर्वजणी व्यासपीठाकडे पाहत होतात आणि मी व्यासपीठावरून तुमच्याकडे पाहत होते. दुसऱ्या रांगेतील एका आजीबाईंची टाच ठेक्यावर हलत होती. एकीचे हात मांडीवर होते, पण टाळीच्या वेळी बोटे मात्र उचलली जात होती. फुगडी रंगात आली तेव्हा चार-पाच जणींचे खांदे एकदम मागे गेले, जणू त्याच कुणाचे तरी हात धरून उभ्या आहेत! कुणालाही कुणी नाच म्हणून सांगितले नव्हते. तुमचे शरीर बसले होते आणि तरीही नाचत होते. माझा आजचा विषय तोच. दुसऱ्याला एखादी गोष्ट करताना पाहिले म्हणजे आपल्या मेंदूत काय होते, आणि त्याचा आपल्या घरातल्या वागण्याशी काय संबंध आहे, हे मला आज सांगायचे आहे.

हा विषय मी पुस्तकातून शिकले खरी, पण पुस्तक उघडण्याची वेळ आली ती घरातल्या एका प्रसंगामुळे. तो आधी सांगते.

मी लग्न होऊन या घरात आले ती १९८६ साली. माझ्या सासूबाईंच्या हातची ज्वारीची भाकरी आमच्या आळीत नावाजलेली होती. काठवटीत पीठ घेतले की पाणी किती घालायचे ते त्यांचा हातच ठरवायचा. थापलेली भाकरी दोन्ही हातांवर अलगद उचलून तव्यावर टाकायच्या, वरून पाण्याचा हात फिरवायच्या, आणि विस्तवावर गेली की ती टम्म फुगलीच पाहिजे. मला सकाळी शाळेची घाई असे, त्यामुळे भाजी माझी आणि भाकरी त्यांची, अशी वाटणी पहिल्या वर्षापासून पडली ती पडलीच. तीस वर्षे मी त्यांच्या शेजारी उभी राहून भाजी फोडणीला टाकली आणि तीस वर्षे त्यांची भाकरी पाहिली.

२०१६ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय थोड्या दिवसांत सावरला, बोलणेही पुष्कळसे परत आले. पण उजवा हात मात्र कोपरापासून खाली जड पडून राहिला. इस्पितळातून घरी आणल्यावर आम्ही त्यांची व्यवस्था मागच्या खोलीत केली. तिथे शांतता होती, वारा होता, न्हाणीघर जवळ होते. आम्ही चांगल्याच हेतूने केले. त्यांना काही करू दिले नाही. पाण्याचा पेला त्यांनी डाव्या हाताने उचलायला घेतला की मी धावत जाऊन तो त्यांच्या ओठांना लावायची. येणारे-जाणारे म्हणत, सून असावी तर अशी. आणि मला ते ऐकून बरे वाटे, हे आज कबूल करते.

नऊ आठवडे असे गेले. एके दिवशी मी त्यांची उशी सारखी करीत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मला इथं भिंत बघायला बसवलंय का?" मी हसण्यावारी नेले. त्या हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात हाताचे व्यायाम शिकविणाऱ्या एक तरुण बाई घरी आल्या. त्यांनी खोली पाहिली, खाट पाहिली आणि मला विचारले, "आजी दिवसभर काय बघतात?" मला उत्तर देता येईना. त्या म्हणाल्या, "त्यांना स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची द्या. तुम्ही काम करताना त्या बघू देत. आणि बघून झाले की लगेच तेच काम त्यांच्या उजव्या हाताने, जमेल तेवढे, करून घ्या. नुसते बघणे नको, नुसता व्यायामही नको. आधी बघणे, मग करणे." मी शास्त्राची शिक्षिका. कारण समजल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. म्हणून मी त्यांना कारण विचारले. त्यांनी दोन शब्द सांगितले, 'मिरर न्यूरॉन'. आपण त्यांना आरसापेशी म्हणू. तिथून माझे वाचन सुरू झाले.

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक झटक्यांनी बोलतात. पेशी कामाला लागली की असे झटके भराभर येतात, आणि स्वस्थ असली की मधूनच एखादा. केसाहून बारीक तार एका पेशीच्या अगदी जवळ नेली आणि ती ध्वनिवर्धकाला जोडली, तर पेशीचे हे बोलणे कानांनी ऐकता येते. कढईत शेंगा तडतडाव्यात तसा आवाज येतो.

इटलीच्या उत्तरेला पार्मा नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठात जाकोमो रिझोलाती आणि त्यांचे सहकारी माकडांच्या मेंदूचा अभ्यास करीत होते. मेंदूच्या पुढच्या बाजूला हाताच्या हालचालींची आखणी करणारा एक भाग आहे. तिथल्या एकेका पेशीचे बोलणे ते ऐकत. माकडाने खाऊ उचलला की तिथली पेशी तडतडे. यात नवल नाही. ते त्या पेशीचे कामच. नवल पुढे आहे. प्रयोग करणाऱ्या माणसाने माकडासमोरचा खाऊ उचलला, माकड हात न हलविता नुसते पाहत होते, आणि तीच पेशी तडतडली! हात माणसाचा हलला आणि पेशी माकडाची बोलली. डोळ्याचे काम करणारी पेशी असती तर गोष्ट वेगळी. ही तर हाताची पेशी. १९९२ साली या मंडळींनी हे प्रथम प्रसिद्ध केले, आणि १९९६ साली सविस्तर मांडले.

माकडाच्या डोक्यात तारा घालण्याची गोष्ट ऐकून काही जणींना बरे वाटले नसेल. मलाही वाटले नाही. पण ज्ञान कसे मिळाले ते झाकून ठेवून नुसते फळ तुमच्या पुढे ठेवणे मला योग्य वाटत नाही.

१९९६ च्या अभ्यासात दोन माकडांच्या मिळून ५३२ पेशी तपासल्या होत्या. त्यांपैकी ९२ पेशी अशा दुहेरी निघाल्या, म्हणजे शंभरात साधारण सतरा. तेव्हा सगळा मेंदू म्हणजे आरसा, असे कुणी समजू नये. शिवाय या पेशी भलत्या चोखंदळ! खाऊ नुसता समोर ठेवला, तर त्या गप्प. खाऊ नसताना माणसाने उचलल्याचे नुसते सोंग केले, तरी जवळजवळ गप्पच. हाताने खरोखर वस्तू पकडली, की मग त्या बोलणार. काहींना पकडही अगदी स्वतःसारखीच लागे, चिमटीत तर चिमटीत. बऱ्याच जणी मात्र थोडे इकडे-तिकडे चालवून घेत.

पुढच्या प्रयोगांनी आणखी गंमत दाखविली. २००१ साली याच मंडळींनी खाऊ आडपडद्यामागे ठेवला. माकडाला तो ठेवताना दिसला होता. उचलताना मात्र हाताचा शेवटचा भाग पडद्याआड गेला. तरीही निम्म्याहून कमी नाहीत अशा पेशी बोलल्या. पडद्यामागे काही नाही हे ठाऊक असताना तोच हात गेला, तर त्या बोलल्या नाहीत. २००२ साली त्यांनी आवाजाचा प्रयोग केला. शेंग फोडण्याचा किंवा कागद फाडण्याचा नुसता आवाज ऐकविला, तरी काही पेशी तडतडल्या. त्याच पेशी माकडाने स्वतः शेंग फोडतानाही बोलत असत. २००५ साली तर असे आढळले की, मेंदूच्या दुसऱ्या एका भागातील काही पेशी खाऊ तोंडात घालण्यासाठी उचलला तर बोलतात आणि डब्यात टाकण्यासाठी उचलला तर गप्प राहतात. उचलणे तेच, हेतू वेगळा.

आवाजाचा प्रयोग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून क्षणभर बसले. कारण सासूबाई मागच्या खोलीत असताना, स्वयंपाकघरात मी भाकरी थापू लागले की तिथून हाक येई, "अगं, पीठ घट्ट झालंय!" त्यांना पीठ दिसत नव्हते. थापण्याचा आवाज तेवढा कानावर पडत होता. मी त्या वेळी मनातून चिडत असे. आजारपणातही सुनेच्या चुका काढायच्या, असे मला वाटे. खरे म्हणजे त्या नऊ आठवड्यांत त्या मागच्या खोलीत बसून, कानांच्या आधाराने, आपले काम करीत होत्या. तेवढेच आम्ही त्यांच्याकडे शिल्लक ठेवले होते.

आता तुम्ही म्हणाल, हे माकडांचे झाले. माणसांचे काय? निरोगी माणसाच्या मेंदूत तार घालता येत नाही, म्हणून आडवळणाने जावे लागते. १९९५ साली पार्माच्याच मंडळींनी डोक्यावर बाहेरून चुंबकाचा हलका झटका देऊन हाताचे स्नायू किती उडतात ते मोजले. समोर कुणी वस्तू पकडत असेल, तर नुसते पाहणाऱ्याचे तेच स्नायू अधिक उडत. म्हणजे हात स्वस्थ असला, तरी आतून सज्ज होत होता. मघाशी तुमच्या बोटांचे काय झाले, ते आता ध्यानात येईल.

पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे औषधांना न जुमानणाऱ्या फेफऱ्याच्या २१ रोग्यांच्या मेंदूत, उपचारांसाठी म्हणूनच, तारा बसविलेल्या होत्या. त्यांच्या संमतीने ११७७ पेशींचे निरीक्षण करण्यात आले. ते २०१० साली प्रसिद्ध झाले. माणसांतही अशा दुहेरी पेशी आढळल्या. पण तिथे आणखी एक प्रकार सापडला: स्वतः करताना बोलणाऱ्या आणि दुसऱ्याला पाहताना उलट अधिकच गप्प होणाऱ्या काही पेशी. पाहिलेले सगळेच आपण लगेच करीत का सुटत नाही, याचे एक कारण या आवर धरणाऱ्या पेशी असाव्यात, असे संशोधकांनी सुचविले आहे.

आता मी माझ्या मुद्द्याशी येते. पाहताना हात आतून जागा होतो हे खरे. पण कुणाचा हात? लंडनमध्ये २००५ साली एक प्रयोग झाला. युरोपातील बॅले नाचणारे आणि ब्राझीलचा कापोएरा हा खेळासारखा नाच करणारे, अशा दोन्ही प्रकारच्या कसलेल्या नर्तकांना दोन्ही नाचांची चित्रे दाखविली. प्रत्येकाच्या मेंदूतील हालचालींचा भाग स्वतःच्या नाचाला अधिक प्रतिसाद देई. कुणी म्हणेल, आपला नाच त्यांनी जास्त पाहिलेला असतो, म्हणून तसे होत असेल. ती शंका फेडण्यासाठी २००६ साली त्याच मंडळींनी दुसरा प्रयोग केला. बॅलेमध्ये काही हालचाली केवळ पुरुष करतात आणि काही केवळ स्त्रिया. दोघे रोज एकत्र सराव करतात, एकमेकांच्या हालचाली शेकडो वेळा पाहतात. पण करतात मात्र आपापल्याच. तिथेही मेंदूतील हालचालींच्या भागांचा प्रतिसाद स्वतः केलेल्या हालचालींना अधिक आढळला. दोन्ही गोष्टी डोळ्यांच्या परिचयाच्याच होत्या, तरीही हा फरक पडला.

हे वाचून मला हसू आले. आमच्या घरी यजमानांनी साठ वर्षे भाकरी पाहिली आहे: आधी आईची, मग बायकोची. तीत काय आहे ते त्यांना आजही ठाऊक नाही. पण हसता हसता मी थांबले, कारण माझी गत तरी काय वेगळी होती? तीस वर्षे शेजारी उभी राहून मी पाहिले होते, आणि सासूबाई आजारी पडल्यावर पहिल्यांदा काठवट पुढे ओढली तेव्हा माझ्या भाकरीला चहूकडून चिरा पडल्या. मला वाटे, पिठाची विरी गेली आहे. गिरणीवाल्याला बोल लावून झाला. पीठ चांगले होते.

आणखी एक प्रयोग सांगते, तो तर कुणालाही समजेल. २००७ साली इंग्लंडमधील संशोधकांनी काही लोकांना एक उफराटा सराव दिला. समोरच्या चित्रात तर्जनी हललेली दिसली की आपण करंगळी हलवायची, आणि करंगळी दिसली की तर्जनी. सरावाआधी तर्जनी पाहिली की पाहणाऱ्याच्या तर्जनीचा स्नायू सज्ज होई. सरावानंतर तर्जनी पाहिली की करंगळीचा स्नायू सज्ज होऊ लागला! म्हणजे हा आरसा काही बारशालाच घडवून आणलेला दागिना नव्हे. निदान त्याचा बराचसा भाग आपण पाहता पाहता आणि करता करता घडवितो, आणि वेगळा सराव केला तर तो वेगळाही घडतो. सिसिलिया हेज नावाच्या इंग्लंडमधील विदुषींनी हा विचार आग्रहाने मांडला आहे.

इथे मला शास्त्राच्या शिक्षिकेचे एक कर्तव्य पार पाडले पाहिजे. या पेशींविषयी बोलताना फार मोठमोठे दावे झाले आहेत. आपल्या मद्रासेत शिकलेले आणि पुढे अमेरिकेत नाव मिळविलेले डॉ. रामचंद्रन यांनी २००० साली असे भाकीत केले की, डीएनएने जीवशास्त्रासाठी जे केले ते या पेशी मानसशास्त्रासाठी करतील. मग भाषा, दया, संस्कृती सारे काही या पेशींतून निघते, असे लोक लिहू लागले. त्याला उत्तर म्हणून ग्रेगरी हिकॉक या अमेरिकी शास्त्रज्ञाने २०१४ साली एक पुस्तकच लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, करण्याची शक्ती गेली म्हणून समजण्याची शक्ती जातेच असे नाही. मग समजणे हे या पेशींवरच अवलंबून आहे, असे कसे म्हणावे?

त्याचा दाखला माझ्या घरात खुर्चीवर बसलेला होता. सासूबाईंचा हात लुळा होता, पण माझी भाकरी कुठे चुकते हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक कळत होते. मेंदू हा पुष्कळ जणींनी मिळून चालविलेल्या मंडळासारखा आहे; एकाच कार्यकर्तीला सारे श्रेय देऊ नये.

असल्या दाव्यांनी माणसे दुखावतात, म्हणूनही सांगते. स्वमग्न मुलांच्या मेंदूतला हा आरसा मोडलेला असतो, असे काही वर्षे ठासून सांगितले जात होते. पुढच्या प्रयोगांत ते टिकले नाही. तुमच्या ओळखीत असे मूल असेल आणि कुणी त्याच्या आईला 'याचा आरसाच मोडका आहे' असे सांगितले असेल, तर ते शास्त्राने सिद्ध केलेले नाही, एवढे तिला आवर्जून सांगा. तसेच नुकत्या जन्मलेल्या बाळाचे. आपण जीभ बाहेर काढली की तेही काढते, असे १९७७ सालापासून सांगितले जाई. २०१६ साली ऑस्ट्रेलियात १०६ बाळांवर नीट पाहणी झाली, तिच्यात अशी नक्कल आढळली नाही. घरी पाहा, बहुतेक वेळा नक्कल आपणच करीत असतो. बाळ तोंड वेडेवाकडे करते आणि आजी, मावशी, आत्या साऱ्याजणी तसेच तोंड करून दाखवितात. हेजबाईंचे म्हणणे असे की, बाळाचा आरसा घडविण्यात या मोठ्यांच्या नकलेचा मोठा वाटा असावा. तेव्हा बाळाशी वेडेवाकडे तोंड करून खेळणाऱ्या आजीला कुणी हसू नये.

आता पुन्हा आमच्या स्वयंपाकघरात चला.

त्या तरुण बाईंच्या सांगण्याप्रमाणे आम्ही दारात खुर्ची ठेवली. या उपायाची पाहणी २००७ साली जर्मनीतील संशोधकांनी केली होती. अर्धांगवायू झालेल्या काही थोड्या रोग्यांना चार आठवडे रोजच्या कामांची चित्रफीत दाखवून लगेच तीच कामे करायला लावली. दुसऱ्या गटाने व्यायाम तेच केले, पण पाहिल्या त्या नुसत्या आकृत्या. पहिल्या गटाचे हात अधिक सुधारले. पुढे अशा बऱ्याच चाचण्यांचा एकत्र आढावा २०१८ साली घेण्यात आला, तेव्हाही काही अंशी फायदा दिसला. काही अंशी, हे शब्द विसरू नका.

रोज सकाळी मी काठवट घेऊन त्यांच्या समोर बसे. मी गोळा मळला की एक लहान गोळा त्यांच्या उजव्या हातात देई आणि डाव्या हाताने त्या उजव्याला आधार देत. पहिले तीन आठवडे तो गोळा नुसता तळहातावर बसून राहिला. मग एक दिवस अंगठा हलला. त्या दिवशी मी आनंदाने ओरडले तर त्या म्हणाल्या, "ओरडू नको, तुझी भाकरी करपतेय." चार महिन्यांनी त्या पिठाची चिमूट धरू लागल्या. वर्षाने बशीएवढी भाकरी थापली, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. पहिल्यासारखा हात पुन्हा कधी आला नाही. आणि जेवढा आला तो खुर्चीमुळे आला, की व्यायामाने, की कालांतराने आपोआपच, हे मला सांगता येणार नाही. एका घरातल्या एका माणसावरून सिद्धांत काढू नये, असे मीच मुलींना शिकविले आहे.

पण दोन गोष्टी मात्र डोळ्यांपुढे घडल्या, त्या सांगते. खुर्ची दारात आल्यापासून त्यांनी भिंतीविषयी पुन्हा तक्रार केली नाही. आणि दुसरी गोष्ट, मी भाकरी शिकले. त्या माझा हात पाहत आणि सांगत, "दाब तळव्याचा नको, बोटांच्या पेरांचा दे." "फिरव, नुसती आपटू नको." तीस वर्षे त्या हे माझ्यासमोर करीत होत्या आणि मला ते दिसले नव्हते. माझा हात चुकू लागला, तेव्हा कुठे डोळ्यांना दिसू लागले. मी करून पाहिले म्हणून त्यांचे करणे मला उमगले. त्यांना पाहायला मिळाले म्हणून त्यांना करावेसे वाटले. पाहणे आणि करणे ही जात्याच्या दोन तळ्यांसारखी आहेत. एकाच तळीने दळण होत नाही.

२०१९ च्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. त्या नऊ आठवड्यांची मला अजून टोचणी आहे. आम्ही त्यांची सेवा करीत होतो यात शंका नाही. पण सेवेच्या नावाखाली आम्ही त्यांच्या हातातले काम काढून घेतले, आणि डोळ्यांसमोरचेही. हात गेला तो झटक्याने. डोळ्यांसमोरचे काम मात्र मी काढून घेतले होते.

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या कितीतरी सभासद आता घराबाहेर पडू शकत नाहीत. आपण दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचा डबा पोचवितो. चांगले करतो. पण पुढच्या वेळी डबा देऊन परत फिरण्याआधी एवढे पाहा, की त्यांची खाट कुठे आहे आणि तिथून त्यांना काय दिसते. भिंत दिसत असेल, तर घरच्यांना न दुखविता, खाट फिरविण्यास सुचवा. शक्य असेल तर वाती वळायचे, शेंगा सोलायचे काम त्यांच्याजवळ बसून करा, आणि त्यातले मूठभर त्यांच्या हातात द्या. चार शेंगा सोलायला त्यांना अर्धा तास लागेल. लागू द्या.

दुसरी सूचना आपल्या शिवणवर्गाविषयी. परवा मी तिथे गेले होते. बाई फार सुरेख शिकवितात. बाराजणी भोवती उभ्या राहून पाहत होत्या, आणि यंत्रावर बसली होती ती एकच. यंत्रे कमी आहेत हे मला ठाऊक आहे. पण पाहणाऱ्या बाराजणींच्या हातात निदान चिंधी आणि सुई-दोरा असू द्या. ज्या हाताने टाका घातला आहे, त्याच हाताच्या मालकिणीला बाईंचा टाका दिसेल.

आणि तिसरी सूचना घरातल्या पुरुषमंडळींविषयी. भाकरी थापताना ती पाहून 'वा' म्हणणाऱ्या मुलाला, नातवाला एकदा काठवटीपुढे बसवा. पहिली भाकरी फाटेल. फाटू द्या. त्यानंतर तो तुमच्या हाताकडे ज्या नजरेने पाहील, ती नजर नुसत्या कौतुकाने येत नाही. माझ्या नातवाने मागच्या सुटीत पहिली भाकरी केली. ती फाटली. मग दुसरी मी थापीत असताना तो अगदी जवळ येऊन बसला, आणि मी पाहिले, त्याची बोटे मांडीवर हळूच हलत होती.